मार्गारेटची हजेरी

"मार्गारेट?" रेडिओवर पुकारा झाला आणि नेहमीप्रमाणे सगळीकडे शांतता पसरली. मग विहिरीच्या तळातून यावा तसा एक खरखरीत आवाज फक्त माझ्या बोटीवर उमटला. "सांग गो तांका. म्हातारो अजून मेलो नाय."

मी माईकचं बटण दाबलं आणि इंग्रजीत सांगितलं, "मार्गारेट, ऑल वेल."

ही मार्गारेट म्हणजे जानू मोंडकर. वय एकाहत्तर, मिशा पांढऱ्याधोप, कमरेला लुंगी. चाळीस वर्षं मालवाहू जहाजांवर सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून काढलेला, मूळचा देवगडकडचा, मोंडच्या खाडीतला माणूस. निवृत्त झाल्यावर कुणा गोऱ्याने टाकून दिलेली छोटी लाकडी शिडाची बोट त्याने घेतली. तिच्यावर 'मार्गारेट' असं रंगवलेलं होतं, आणि बोटीचं नाव बदलणं वाईट म्हणून त्याने ते पुसलं नाही. शिडाच्या बोटींवर राहणाऱ्या आमच्या जगात माणसाला त्याच्या नावाने कुणी ओळखत नाही, बोटीच्या नावाने ओळखतात. त्यामुळे मलेशियातल्या लंगकावी बेटाच्या त्या बंदरात नांगर टाकून राहिलेल्या तीसेक बोटी या मिशाळ म्हाताऱ्याला खुशाल मार्गारेट म्हणायच्या. मी त्याला दाजी म्हणायचे.

हसण्याचा अधिकार मला नव्हताच. आमच्या बोटीचं नाव 'इंदुमती', म्हणजे माझ्या सासूबाई. माझ्या नवऱ्याने, मुकुंदने, आईचं नाव दिलं आणि दोन वर्षांत हृदयविकाराने निघून गेला. मग अख्खं बंदर मला सासूबाईंच्या नावाने हाक मारू लागलं, तीही तोडून, 'इंदू'. विनया टिपणीस हे माझं नाव तिथे एकट्या दाजींना ठाऊक होतं आणि ते मला बाय म्हणायचे. म्हणजे माझं खरं नाव तसं वापरातूनच गेलं होतं.

रोज सकाळी साडेआठला रेडिओवर हजेरी व्हायची. 'टुई' नावाच्या बोटीवरची न्यूझीलंडची बाई एकेक नाव पुकारायची आणि ज्याने त्याने आपापली खुशाली सांगायची. ती पूर्वी नर्स होती, त्यामुळे पुकारा वॉर्डातल्यासारखा. दाजींच्या डोलकाठीवरची एरियल कधीच मोडली होती. त्यांच्याकडे होता तो गळ्यात अडकवायचा छोटा रेडिओ. सगळ्यांचं बोलणं त्यावर त्यांना ऐकू यायचं, पण त्यांचा आवाज मधल्या टेकडीपलीकडच्या बाकी बोटींपर्यंत पोचत नसे. खारफुटीच्या कोपऱ्यात आमच्या दोनच बोटी होत्या, म्हणून तो ऐकायची मी एकटी, आणि पुढे सांगायचीही मीच. दोन-अडीच वर्षं मी दाजींची हजेरी लावत होते.

खरं सांगायचं तर ती त्यांच्यापेक्षा माझी सोय होती. मुकुंद गेल्यावर माझ्या दिवसात मराठी उरलं होतं ते एवढंच. हजेरी झाली की पाच मिनिटं दाजी बोलायचे. बांगडा कुठे मिळाला, गुडघा कसा आहे, 'टुई'ने आज कुणाला झापलं. नंतर रेडिओ बंद, आणि मग दिवसभर नांगराची साखळी खडखडायची ती ऐकत बसायचं. मुलगी कॅनडात, ठाण्याचा फ्लॅट भाड्याने दिलेला. बोट एकटीने चालवायची हिंमत नाही आणि सोडायची तयारी नाही, अशी मी त्या कोपऱ्यात अडकून पडले होते.

त्या वर्षी दिवाळीनंतर दाजींनी विषय काढला.

"बाय, माका घराक जावचा आसा."

"मग विमानाने जा की, दाजी."

"विमानान? चाळीस वर्सां दर्यात काढलंय आणि घराक जातलंय तो बॅग घेवन, कोणा पोरीन दिलेली गोळी चघळीत? मार्गारेट घेवन जातलंय. सरळ खाडीत."

एकट्याने जाणं त्यांना शक्य नव्हतं. डोळ्यांत मोतीबिंदू, अंधार पडला की लांबच्या जहाजाचे दिवे दिसेनात. माझ्या बोटीवर मुकुंदने बसवलेली यंत्रं होती, त्यावर दहा मैलांवरचं जहाज कळायचं. तेव्हा त्यांचा बेत असा, की दोन्ही बोटींनी जोडीने निघायचं. त्यांनी शिडांचं सांगायचं, मी जहाजांचं. आधी श्रीलंका, मग कोचीन, मग किनाऱ्याकिनाऱ्याने देवगड.

"दर तीन तासान हाक मारतलंय. तू फक्त ओ दी," दाजी म्हणाले. "मगे तू एकटी कशी?"

त्यांना माझे डोळे हवे होते आणि मला त्यांची हिंमत. मी हो म्हटलं. नोव्हेंबर, डिसेंबर ते मला शिकवत राहिले. शीड एकटीने कसं उतरवायचं, झोप वीस-वीस मिनिटांची कशी घ्यायची, हे सगळं. चुकले की म्हणायचे, "परत." त्यांनी कधी आवाज चढवला नाही, पण 'परत' मात्र दिवसातून पन्नास वेळा. त्या दोन महिन्यांत मी मुकुंद गेल्यानंतर पहिल्यांदा पोटभर जेवत होते, हेही सांगितलं पाहिजे.

आणि मग मी कच खाल्ली. श्रीलंकेपर्यंत दहा-बारा दिवस नुसतं पाणी, हा विचार रोज पहाटे छातीवर येऊन बसायचा. अशात एक ऑस्ट्रेलियन जोडपं बोट बघायला आलं, त्यांना 'इंदुमती' आवडली आणि मी होकार देऊन मोकळी झाले. शनिवारी सह्या करायच्या ठरल्या. दाजींना सांगायचं मात्र टाळत राहिले.

शेवटी सोमवारी दुपारी त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा सांगितलं. त्यांनी बांगड्याचं तिकलं केलं होतं. माझं ऐकून त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

"पंधरा दिसांनी निघूचा आसा आणि आता सांगतस?"

"मला नाही जमणार, दाजी. मला भीती वाटते."

"भिया सगळ्यांक वाटता. माका वाटत नाय? पण तू जबान दिलंस."

"तुम्ही दुसरं कोणी बघा सोबतीला."

"कोण येतलो माझ्यावांगडा? हे गोरे? ते आपल्या वाटेन जातले." मग ते जरा थांबून म्हणाले, "मुकुंद आसतो तर ह्या ऐकान काय म्हणतो?"

मुकुंदचं नाव घ्यायला नको होतं. माझा तोल गेला.

"घरी, घरी, घरी! कोण बसलंय तिकडे तुमची वाट बघत? बायको गेली, मूलबाळ नाही. पुतण्याने पाच वर्षांत एक फोन केला नाही. तुम्ही इथे मेलात तरी आठवडाभर कुणाला पत्ता लागणार नाही!"

दाजी उठले. त्यांनी दोन्ही ताटं उचलली आणि समुद्राच्या पाण्यात नीट विसळली. माझ्या डिंगीची, म्हणजे ये-जा करायच्या छोट्या होडीची, दोरी सोडून माझ्या हातात दिली. "ऊन वाढलां," म्हणाले. "जा तू."

मी गेले. वाटेत वल्हं मारताना रडत होते, पण रागही होता. माफी मागायला हवी हे कळत असलं की मला आणखी राग येतो. हा माझा जुना दुर्गुण आहे, मुकुंदनेही भोगला.

मंगळवारी हजेरीची वेळ झाली. माझं नाव आधी पुकारलं जायचं, 'मार्गारेट' नंतर. मला त्यांचा आवाज ऐकायचा नव्हता. म्हणून 'इंदू' म्हटल्याबरोबर मी एका दमात सांगून टाकलं, "इंदुमती ऑल वेल, मार्गारेट ऑल वेल," आणि रेडिओ बंद केला. तेवढ्यात खिडकीतून ते दिसलेही होते, लुंगी वाळत घालत होते. म्हणजे खोटं काहीच नव्हतं.

बुधवारी तेच केलं. गुरुवारीही तेच.

दाजी रोज सूर्य मावळताना बोटीच्या मागचा तिरंगा उतरवून घडी घालून आत ठेवायचे. कुणी संध्याकाळनंतर झेंडा तसाच ठेवला तर दुसऱ्या दिवशी त्याला माझ्यातर्फे रेडिओवर बोलणी बसायची. बुधवारी संध्याकाळी मी पाहिलं, तिरंगा वरच होता. आणि मला काय वाटलं असेल? मला बरं वाटलं. म्हातारा रुसलाय, म्हटलं, चांगलं लागलंय त्याला. गुरुवारी दुपारी सर आली, वाळत घातलेली लुंगी भिजली आणि तशीच लोंबत राहिली. तेही मी पाहिलं. सामान बांधता बांधता पाहिलं आणि पुन्हा सामान बांधू लागले.

शुक्रवारी सकाळी पुन्हा एका दमात दोघांची खुशाली सांगितली. रेडिओ बंद करणार तेवढ्यात 'टुई'ने अडवलं.

"इंदू, थांब जरा. उद्या बोट विकतेस असं ऐकलं, खरं का? आम्ही संध्याकाळी किनाऱ्यावर सगळे जमतोय तुझ्यासाठी. जो तो एकेक पदार्थ आणेल. तू काही आणायचं नाहीस."

मी बटण दाबून 'हो' एवढंच म्हणाले. मी बटणावरचं बोट काढलं. एक-दोन क्षण कुणीच बोललं नाही. आणि त्या रिकाम्या जागेत अगदी बारीक आवाज आला.

"बाय... खोटां कित्याक सांगतस गो? मार्गारेट बरी नाय."

डिंगीचं इंजिन मी कसं सुरू केलं ते आठवत नाही. रेडिओवर मी किंचाळले होते एवढं लोकांनी नंतर सांगितलं.

दाजी केबिनमध्ये, शिडीच्या पायथ्याशी आडवे पडले होते. उजवा पाय भलत्याच दिशेला वळलेला. शेजारी पाण्याचा पाच लिटरचा कॅन कलंडलेला होता, तळाशी घोटभर पाणी. मंगळवारी दुपारी किनाऱ्यावरून पाणी भरून आणलं, कॅन हातात घेऊन खाली उतरताना पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. त्या पाण्यावर ते जगले होते. गळ्यातला छोटा रेडिओ बॅटरी टिकावी म्हणून ते दिवसभर बंद ठेवत, आणि फक्त हजेरीच्या वेळी लावत. कारण त्या वेळी मी नक्की ऐकत असेन याची त्यांना खात्री होती.

तीन सकाळी त्या माणसाने फळ्यांवर पडल्या पडल्या माझा आवाज ऐकला. मार्गारेट ऑल वेल. मग मला हाका मारल्या, आणि मी बटण फिरवलेलं होतं.

दहा मिनिटांत आठ डिंग्या आल्या. आमच्या लोकांचं हे एक आहे. एरवी महिनोन्महिने नुसता हात हलवतील, पण हाक गेली की हातातलं टाकून येतात. जर्मन माणसाने केबिनचा दरवाजा उखडून त्याची डोली केली, फ्रेंच जोडप्याने चादरी फाडल्या. 'टुई' आली, गुडघ्यावर बसली, नाडी धरली. मग तिने वर माझ्याकडे पाहिलं.

"सकाळी बोलला होता ना हा तुझ्याशी? तू ऑल वेल म्हणालीस."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं. दाजींनी डोळे न उघडताच, आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, माझ्याआधी उत्तर दिलं.

"आजच पडलो. हजेरी दिल्यावर. आत्ताच."

कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण 'टुई' नर्स होती. तिने त्यांचे फुटलेले ओठ पाहिले, अंगावरची भिजून वाळलेली लुंगी पाहिली. रोज दाढी करणाऱ्या माणसाच्या गालावर वाढलेले तीन दिवसांचे पांढरे खुंट तिने बोटांनी चाचपले. मग माझ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि म्हणाली, "उचला रे, सांभाळून."

इस्पितळात तीन आठवडे लागले. शनिवारी मी सह्या केल्या नाहीत. ऑस्ट्रेलियन जोडपं चिडून गेलं, मला त्याचं काही वाटलं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन जायचे, पण ते तीन दिवस जिभेवर येऊन परत जायचे. शेवटी, मी फोन करून कळवल्यावर पुतण्या त्यांना न्यायला आला त्या दिवशी, तो कागदपत्रं करायला बाहेर गेला तेव्हा, मी पलंगाशी बसले.

"दाजी, त्या तीन दिवसांत मी तुमचं न ऐकताच..."

"ठावक आसा माका. आयकत होतंय मां मी."

"मग खोटं का सांगितलंत सगळ्यांना?"

"तू हयसर रवतलंस मां अजून?" ते म्हणाले. "तुका ह्या लोकांवांगडा रवूचा आसा. मी तर जातंय."

मी पलंगाच्या कडेला डोकं टेकून रडले. दाजींचा हात खरखरीत होता, तो डोक्यावरून दोनदा फिरला.

"रोज सकाळी तुझो आवाज येय," ते म्हणाले. "तेच्यावरनाच दिस मोजलंय. नायतर कळला नसता, किती सरले."

"माफ करा मला, दाजी."

"गप रव. आणि कोणाक सांगू नको."

मी कोणाला सांगितलं नाही. त्यांनी मला वाचवलं ते असं. बंदरात माझं नाव खराब झालं नाही, उलट वेळेवर धावून गेलेली शेजारीण म्हणून माझं कौतुकच झालं. त्या कौतुकात मी जितकी एकटी पडले तितकी मुकुंद गेल्यावरही पडले नव्हते. दाजी विमानाने घरी गेले, तेही खुर्चीत बसून. पायावर ते पुन्हा नीट उभे राहिले नाहीत. चार वर्षांनी ते वारल्याचा पुतण्याचा निरोप आला. शेवटपर्यंत त्यांना ओसरीवर, खाडी दिसेल अशा जागी बसवत असत, असं त्याने लिहिलं होतं. मार्गारेट त्या खाडीत कधीच गेली नाही.

दाजी घरी परतले त्याच महिन्यात एका सकाळी 'टुई' डिंगीतून माझ्याकडे आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली बोटींच्या नावांची यादी होती.

"सोमवारपासून हजेरी तू घ्यायचीस," ती म्हणाली.

"मी का?"

"तू नीट घेशील."

ती शिक्षा होती की विश्वास, मी विचारलं नाही. आता तीही नाही, आपल्या देशात परतली. पण यादी माझ्याकडेच आहे, अकरा वर्षं झाली.

नव्याने येणाऱ्यांना इथली इंदू खडूस वाटते. मी दुसऱ्याच्या तोंडून आलेली खुशाली घेत नाही. ज्याचा आवाज पोचत नाही त्याच्यासाठी मी डिंगी घेऊन टेकडीला वळसा घालून जाते. ज्याचा रेडिओ बिघडलाय त्याला दुरुस्त होईपर्यंत माझा जादाचा देते. मार्गारेट अजून त्याच खारफुटीच्या कोपऱ्यात आहे. ती आता कारेन नावाच्या डॅनिश मुलीची आहे, तिनेही नाव बदललेलं नाही. एरियल मात्र मी स्वतः वर चढून नवी बसवून दिली.

आज सकाळी पुकारलं, "मार्गारेट?"

उत्तर नाही.

मार्गारेटच्या शेजारच्या बोटीवरचा माणूस मध्येच म्हणाला, "अगं, झोपली असेल ती. काल संध्याकाळी भेटली होती, मजेत होती. लिही ऑल वेल."

"तिला उठव," मी म्हणाले. "मी थांबते."

"इंदू, तीस बोटी खोळंबल्यात."

"थांबू देत."

मी थांबले. रेडिओवर नुसती खरखर चालू होती. मी आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि कान लावून बसले. मिनिट झालं, दोन झाली. कुणीतरी हसलं, कुणीतरी वैतागून माईक आपटला. मग झोपेतला, चिडलेला, ठणठणीत आवाज आला.

"मार्गारेट. ऑल वेल. झालं समाधान?"

"हो," मी म्हणाले, आणि यादीवर खूण करून पुढचं नाव पुकारलं.